भाव न करणारी गिऱ्हाइकं

नूतन म्हात्रे आयुष्यभर एसटीत कंडक्टर होती, त्यामुळे तिला भाव करता येत नाही. तिकिटाचा दर महामंडळानं ठरवायचा, तिनं तिकीट द्यायचं आणि प्रवाशानं ते घ्यायचं. यात घासाघीस कसली? अलिबागच्या बाजारात ती कोळणीला विचारते, "किती?" आणि कोळीण सांगेल तेवढे पैसे काढून देते. कोळीणच गडबडून जाते. नूतनबरोबर बाजारात जायचं मी कधीच सोडून दिलं, कारण तिच्या पाठोपाठ मी उभी राहिले की मलाही तोच भाव लागतो.

मी क्रांती, तिची नागावातली शेजारीण. वडील मोर्चेवाले होते म्हणून हे नाव. माझी क्रांती म्हणाल तर एवढीच, की मागच्या वाडीत चार खोल्या बांधल्या आणि त्या मुंबईच्या पाहुण्यांना द्यायला लागले. पाहुणे, नारळवाला, धोबी, भाजीवाली, सगळ्यांशी दिवसभर भाव करून माझ्या जिभेला चांगली धार आलेली आहे. आमचं दोघींचं कसं जमतं, हे गावाला कळत नाही. खरं सांगायचं तर मलाही कळत नाही.

नवरा जाऊन नूतनला बरीच वर्षं झाली. मुलगा ओंकार पनवेलला असतो. निवृत्त झाल्यावर आईनं आता आराम करावा, असं त्याचं म्हणणं होतं. नूतननं चार-सहा महिने आराम केला आणि त्यात माझं डोकं खाल्लं. मग एक दिवस ती अलिबागच्या एका संस्थेत जाऊन नाव नोंदवून आली. तुरुंगातून सुटलेली, मनोरुग्णालयातून बरी होऊन आलेली, रस्त्यावरून उचलून आणलेली अशी माणसं असतात. गाव त्यांना पुन्हा आत घ्यायला तयार नसतं. अशा माणसांना ही संस्था एकेक सोबती देते. सोबत्यानं आठवड्यातून एकदा त्या माणसाकडे जायचं, बसायचं, बोलेल तेवढं ऐकायचं. पैसे द्यायचे नाहीत. त्याला जे करता येतं ते त्याच्यासाठी आपण करायचं नाही. त्याच्या पाठीमागे काही ठरवायचं नाही. आणि हे सगळं फुकट.

"फुकटची हमाली," मी म्हटलं. "त्यापेक्षा माझ्या खोल्या झाडायला ये. चहा तरी मिळेल."

ती चिडली नाही. ती कधीच चिडत नाही, हा तिचा मला सगळ्यात खटकणारा गुण. म्हणाली, "क्रांती, माणगावच्या गाडीत एकदा एक कातकरीण बाळाला घेऊन चढली होती. शेजारची बाई नाक मुरडून उठली. पुढची सरकेना. मी तिला माझ्या सीटवर बसवलं आणि सगळा रस्ता उभी राहिले. वडखळला उतरून गेली ती. गाडीत होती तोवर मी होते ग. खाली उतरल्यावर तिला कोण होतं?"

मी चहा टाकला.

पहिला माणूस तिला मिळाला तो मोरू, तुरुंगातून सुटलेला. त्याला तिच्याशी फक्त पत्ते खेळायचे असत. ती दर बुधवारी जाऊन हरून यायची. पण तो आता चौलच्या एका सुपारीच्या बागेत राखणीला आहे आणि मालक त्याच्या भरवशावर गावाला जातो. त्यानंतर तिच्याकडे आली सगुणा. मला जे सांगायचंय ते सगुणाचंच.

अलिबाग-पेण रस्त्यावर कार्लेखिंडीच्या बाजूला, जिथं पांढरा कांदा पिकतो, तिथलं सगुणाचं माहेर. लग्न करून ती आतल्या एका गावात गेली. पहिलं मूल जन्मताच गेलं आणि तिचं मन जागेवर राहिलं नाही. सासरच्यांनी मनोरुग्णालयात नेऊन ठेवलं आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. ती बरी झाली, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तरी न्यायला कुणी येईना. वर्षांमागून वर्षं गेली. आईवडीलही गेले. शेवटी संस्थेच्या लोकांनी भावाला शोधून काढलं आणि भाऊ येऊन तिला घेऊन गेला. रोजची एक गोळी सोडली, तर आता तिला काही नव्हतं.

भाऊ रघू थळे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर तो आलाच नसता. पण घरी आणल्यावर त्याला कळलं, की बहीण आणणं सोपं होतं, गावाचं तोंड अवघड आहे. त्यानं तिला परसातली खोली दिली. त्याची बायको केसर तिचं ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरायची. शेजारच्या बायका पोरांना हाका मारून घरात घ्यायच्या. त्यातच रघूच्या मुलीचं, अमिषाचं, लग्नाचं चाललेलं. दोन स्थळं सगुणाचं ऐकून परत गेली होती.

नूतन पहिल्यांदा गेली तेव्हाच रघूनं तिला अंगणात गाठून सांगितलं, "मॅडम, मी पावसापातूर बगतंय. मानसांना ती चालली तं र्‍हाईल. न्हाय तं परत नेऊन सोडतंय. माझी पोर बिनलग्नाची र्‍हायली तं मी कुनाला तोंड दावू?"

तेव्हा संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणजे हातात चार-पाच महिने होते.

नूतन दर बुधवारी जायची आणि सगुणाच्या खोलीबाहेर पायरीवर बसायची. सगुणा आत. बोलणं नाही. नूतनच आपली एसटीतल्या गोष्टी सांगायची: रेवदंड्याचा कोण ड्रायव्हर घाटात गाणी म्हणायचा, कोण बाई कोंबडीचं तिकीट काढायला नको म्हणून भांडायची. परत आल्यावर मी विचारायचे, "काय म्हणाली?" ही म्हणायची, "काही नाही. पण आज दाराच्या जवळ बसली होती." असल्या गोष्टींवर ही बाई खूश व्हायची. मला तर ते ऐकूनच दम लागायचा.

मग कांदा निघाला. आमचा पांढरा कांदा सुटा विकत नाहीत. वाळवून, त्याची पात एकमेकींत गुंफून माळा करतात आणि रस्त्याकडेच्या मांडवात टांगतात. केसरनं वळलेल्या माळा एका बुधवारी अंगणात पडल्या होत्या. नूतन बोलत असताना सगुणा उठून बाहेर आली, तिनं एक माळ उचलली, सगळी उसवली आणि पुन्हा वळायला घेतली. बोटं अशी चालत होती, की जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. माळ पुरी करून तिनं ती दोन्ही हातांनी ओढून बघितली आणि नूतनच्या पुढ्यात टाकली.

"त्या ढिल्या हायत," ती म्हणाली. "आसाडात कांदा गलून पडंल. आमची आय आशी वलायची."

हे तिचं पहिलं बोलणं. त्या संध्याकाळी नूतन घरी न जाता थेट माझ्याकडे आली आणि मला ते वाक्य तीनदा ऐकवलं.

पुढच्या आठवड्यापासून सगुणा मांडवात बसायला लागली. कल्पना तिचीच होती, आणि केसरलाही बरंच वाटलं, कारण उन्हात बसायची तिची सुटका झाली. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या थांबत. त्यांना ही बाई कोण हे ठाऊक नव्हतं. ते माळेसोबत फोटो काढत, सांगितलेल्या भावाला नाकं मुरडत, घेत आणि जात. पण मधल्या दिवसांत जे खरं गिऱ्हाईक असतं, आसपासच्या गावांतलं, पावसाळ्याची बेगमी म्हणून दहा-बारा माळा एकदम नेणारं, ते मांडवासमोर यायचं, बघायचं आणि पुढच्या मांडवाकडे वळायचं. सगुणा त्यांच्या पाठी बघत माळा वळत राहायची.

नूतनला ते बघवलं नाही. इथं तिनं चूक केली. अशी चूक आयुष्यभर तिकिटं देणारी बाईच करू शकते.

तिनं सगळीकडे फोन लावले. डेपोतल्या जुन्या मैत्रिणी, भिशीतल्या बायका, ओंकारच्या सासुरवाडीची माणसं, आणि अर्थात मी. "जा आणि माळा घ्या. ओळख दाखवू नका. आणि हे बघ क्रांती, भाव करायचा नाही. ती सांगेल तो द्यायचा. तिला बरं वाटेल."

तिच्या मते भाव करणं म्हणजे गरिबाचा अपमान. आता मी भाव न करता माळ घ्यायची, म्हणजे माशानं पाण्याबाहेर बसून गप्पा मारायच्या. पण मैत्रीखातर गेले. मांडवात एक वाळकी, ताठ बसलेली बाई, केस घट्ट बांधलेले. मी विचारलं, "केवढ्याला?" तिनं भलताच आकडा सांगितला. एवढ्यात माझ्या घरी दोन माळा आल्या असत्या. जीभ नुसती वळवळत होती. मी तिला दाताखाली धरून पैसे दिले. तिनं ते लगेच घेतले नाहीत. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली, तपासल्यासारखी. मग घेतले.

आठवड्यात मांडव रिकामा झाला. नूतन हवेत होती. रघूनंसुद्धा तिला पहिल्यांदा चहा विचारला.

पण पुढच्या बुधवारी ती गेली तर मांडवावर ताडपत्री टाकलेली. सगुणा परसातल्या खोलीत, दार लावून. केसर म्हणाली, "दोन दिस झालं, बाहेर न्हाय. जेवत पन न्हाय." रघूच्या चेहऱ्यावर दिसत होतं, की हे असंच होणार हे त्याला माहीत होतं.

नूतन पायरीवर बसली. एसटीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. नुसती बसून राहिली. ऊन कलायला लागल्यावर आतून आवाज आला.

"ती मानसं तुमी धाडलीव?"

खोटं बोलायचं नाही, हाही संस्थेचा नियम होता. पण नियम नसता तरी नूतनला खोटं बोलता आलं नसतं. "हो," ती म्हणाली. "तुला कसं कळलं?"

"कोनी भाव केला न्हाय." दार उघडलं. सगुणा उंबऱ्यात उभी होती. "मी वाडवीत गेले, वाडवीत गेले, तरी कोनी बोलत न्हाय महाग हाय म्हनून. ती शेवटची जाडी बाई तं डबल भाव देऊन गेली. नूतनताय, तितं आस्पतालात पन आसंच व्हतं. मी काय बी बोलले तं समदी व्हय व्हय बोलायची. आज पाऊस पडला, व्हय सगुणा. माझं पोर गेलं न्हाय, व्हय सगुणा. कोन भांडत न्हाय वेड्या मानसाशी. भाव शान्या मानसाशी करतात."

ती जाडी बाई मी. ते जाऊ दे.

नूतननं मला हे सांगितलं तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली होती आणि तिचे डोळे लाल होते. "मी तिची माफी मागितली," ती म्हणाली. "म्हटलं, चुकलं माझं. मी तुझ्या पाठीमागे ठरवलं. एवढी वर्षं सगळे तिला व्हय व्हय करत आले आणि मीही तेच केलं ग." मला तिची खूप दया आली. एवढ्या सरळ बाईला एवढी वाकडी गोष्ट समजून घ्यावी लागली. मी काहीतरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मला भाव करायला शिकव."

मी शिकवणी सुरू केली. टेबलावर नारळ ठेवला. मी विकणारी, ती घेणारी.

"केवढ्याला?"

"चाळीस."

"बरं."

"बरं काय, बरं? महाग आहे म्हण!"

"पण महाग नाहीये ग. रेवदंड्याला पंचेचाळीस आहे."

मी कपाळाला हात लावला. पण सोडलं नाही. तिला नारळ हलवून नाक मुरडायला शिकवलं. विकणाऱ्याचा पहिला आकडा ऐकून हसायला शिकवलं. निम्म्यापासून सुरुवात करायची, पाय उचलायचा, दोन पावलं चालायची, वळायचं नाही, हे सगळं शिकवलं. ती चालायला लागली की सरळ घरीच जायची, हा मोठा घोटाळा होता.

पुढच्या बुधवारी ती सगुणाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी गिऱ्हाईक म्हणून आलेय. माळ केवढ्याला?"

सगुणानं तिच्याकडे संशयानं बघितलं. "दोनशे."

नूतन माझ्या शिकवणीप्रमाणे हसली. पण ते हसणं भलतंच झालं, उचकी लागल्यासारखं. "दोनशे? शंभर देईन! म्हणजे एकशेदहा. नाही, थांब, ऊन किती आहे, तू एवढी वळलीस... दीडशे. दोनशेच घे."

सगुणाच्या तोंडातून फुस्स करून हवा बाहेर पडली आणि ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसत राहिली. केसर स्वयंपाकघरातून धावत आली, की हिला काय झालं. मग सगुणानं डोळे पुसले आणि फर्मान सोडलं, "आसा न्हाय करत भाव. चला मांडवात. मी शिकवते." ताडपत्री तिनं स्वतः ओढून काढली. तेव्हापासून दर बुधवारी तासभर नूतनची शिकवणी चाले, आणि आता गुरू दोन झाले. येणारेजाणारे थांबून बघायचे. एक म्हातारी कंडक्टरीण भाव करताना सारखी हरते आणि वेडी म्हणतात ती बाई तिला ओरडते, हा तमाशा फुकट होता. बघता बघता एखादा मध्ये तोंड घालायचा, "आवो, यवढा न्हाय तो भाव," आणि सगुणा त्याच्याकडे वळायची. त्यांतले काही माळ घेऊनही गेले. पण बेगमीचं गिऱ्हाईक अजून फिरकत नव्हतं, आणि मे महिना अर्धा सरला होता.

तेवढ्यात अमिषाला नवीन स्थळ आलं. मुलगा विपुल, खारेपाटातला, स्वतःचा ट्रेलर. त्याच्या आईपेक्षा त्याच्या आत्याचा शब्द त्या घरात चालायचा. आत्या म्हणजे मनुबाई. ही मनुबाई रघूच्या आईच्या वेळेपासून दर वर्षी थळ्यांच्याच मांडवातून बेगमी न्यायची, कारण खारेपाटात भाताशिवाय काही पिकत नाही. या वर्षी ती आली नव्हती. सगुणाचं तिच्या कानावर गेलं होतं.

रघूनं नूतनला बाजूला घेतलं. "आयतवारी मानसं येतायत. त्या दिशी तिला तुमच्याकडं न्या. नि मॅडम, संस्थेला सांगून तिच्यासाटी दुसरी जागा बगून ठेवा. आता मना जमायचं न्हाय."

नूतननं हे जसंच्या तसं सगुणाला सांगितलं. पाठीमागे काही ठरवायचं नाही, हे आता ती विसरणार नव्हती. सगुणाचे हात थांबले नाहीत. माळेला सुतळीची गाठ मारून ती म्हणाली, "मना लपवून लगीन ठरलं, तं लगीन झाल्यावं मी कुटं लपू? मी हितंच मांडवात बसते. येतील ती रस्त्यानंच येतील."

रघू खूप ओरडला. केसर रडली. पण अमिषा, जी तोपर्यंत कशातच बोलली नव्हती, ती म्हणाली, "बसू दे आत्याला. ज्यांना चालत न्हाय त्यांच्याकडं मना जायचं न्हाय." त्यावर रघू निघून गेला.

रविवारी नूतन मला घेऊन गेली. "मला गप्प बसायचंय आणि मला ते एकटीला जमणार नाही," असं म्हणाली. आम्ही मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर बसलो. सगुणानं नवं लुगडं नेसलं नव्हतं, रोजचंच होतं, पण माळा फार नीट टांगल्या होत्या.

पाहुण्यांची गाडी आली. बाकीचे उतरून घराकडे वळले, तिकडे रघू हात जोडून उभा होता. मनुबाई वळली नाही. काष्टा घातलेली, बुटकी, ताठ म्हातारी. ती सरळ मांडवात आली, टांगलेल्या माळांकडे बघितलं आणि सगुणाकडे न बघता नूतनला विचारलं, "काय भाव लावलाय हिनं?"

नूतनचं तोंड उघडलं होतं. मी तिचा हात घट्ट धरला. पण तशी गरज नव्हती. "मी पण गिऱ्हाईकच आहे, मावशी," ती म्हणाली. "भाव तिला विचारा."

मनुबाई सगुणाकडे वळली. "काय गो, केवड्याला?"

"आडीचशे."

"आडीचशे? सोन्याचा हाय? दीडशे दीन."

"दीडशेला पलीकडल्या मांडवात मिलंल. तो आसाडात सडंल."

"नि तुझा?"

"वडून बगा."

मनुबाईनं एक माळ उतरवली आणि दोन्ही हातांनी जोर लावून ओढली. पात हलली नाही. दुसरी माळ तिनं मुद्दाम मधली काढली. तीही हलली नाही. "कांदा बारीक हाय," ती म्हणाली.

"बारीकच टिकतो. मोठा नुसता पाव्हन्यांना दावायला."

घराच्या पायरीवरून पाहुणे इकडे बघायला लागले होते.

"तुझी आय मना कदी आसा भाव बोलली न्हाय," मनुबाई म्हणाली.

सगुणाचे हात थांबले. तिनं मान वर केली. "आय बोलायची, मनुबाय लई लबाड. दोन माला घेते नि तिसरी पदराखाली नेते."

रघू तरातरा निघाला, बहिणीला आत ओढायलाच. नूतन खुर्चीवरून कधी उठली मला कळलं नाही. गाडीच्या दारात गर्दी अडवतात तसे दोन्ही हात पसरून ती त्याच्यासमोर उभी राहिली. "थांब," ती म्हणाली, हळू आवाजात, पण असं की रघू खरंच थांबला.

मनुबाईचा चेहरा आधी दगडासारखा झाला. मग त्याच्यावर एकेक सुरकुती हलायला लागली. "व्हय," ती म्हणाली. "न्यायची मी. तिला ठाव व्हतं? कदी बोलली न्हाय ती मना!"

"बोलायची न्हाय. भावात धरायची."

मनुबाई हसली. दात नसलेलं, पोटातून आलेलं हसू. पण ती लगेच सावरली, कारण सौदा अजून व्हायचा होता. "दोनशे. न्हाय तं ही चालले."

आणि ती चालायला लागली. मी नूतनला शिकवलं होतं तसं, मागे न बघता. सगुणा पुढच्या माळेला सुतळी बांधू लागली. तिनं हाक मारली नाही. "सगुणा, बोलव ना तिला," नूतन माझ्या कानात पुटपुटत होती, "अगं बोलव, जातेय ती." तिनं माझा हात असा दाबला, की बांगडी रुतली. मनुबाई गाडीपाशी पोचली. दाराला हात लावला. मग वळली आणि बडबडत परत आली.

"सव्वादोनशे. बारा माला. नि वर एक."

"वरची ल्हान."

"मोठी."

"ल्हान. नि पदराखाली न्हाय घालायची. हातात धरून न्यायची."

"आयवर गेलीय मेली," मनुबाई म्हणाली आणि पैसे काढले. सगुणानं ते कपाळाला लावले. दिवसाची पहिली विक्री होती ती.

माळा गाडीत चढवायला रघू स्वतः आला. मनुबाई त्याला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रघू, तुझी बहीन लई चिवट हाय रं. पुडल्या साली मी येवड्या भावात घेनार न्हाय, हे तिला आताच सांगून ठेव."

पुढल्या साली. रघू हातात माळ घेऊन तसाच उभा राहिला. त्यानं बहिणीकडे बघितलं आणि म्हणाला, "सांगतंय." बस्स, एवढंच. मग पदर डोक्यावर घेऊन केसर आली आणि सगुणाला म्हणाली, "वन्सं, आत चला. पोहे तुमीच वाडा." मला रडू आलं. मी काही रडणारी बाई नाही, पण आलं.

अमिषाचं लग्न ठरलं, दिवाळीनंतरचं. तिच्यासाठी दुसरी जागा बघायचं रघू पुन्हा बोलला नाही. पाऊस आला, गेला, सगुणा तिथंच आहे, आणि आता तिचं ताट स्वयंपाकघरात असतं.

त्या रविवारी निघताना नूतननं मांडवातली एक माळ उतरवली. "केवढ्याला?" सगुणानं सांगितलं, "आडीचशे." नूतनचे डोळे अजून ओले होते. तिनं मुकाट्यानं पाकीट उघडलं आणि अडीचशे पुढे केले.

सगुणानं माळ मागे ओढली. "भाव करा, नूतनताय," ती म्हणाली. "न्हाय तं माल देत न्हाय."